मोरीपल्याडची सायकलवाली

सत्तावन सालच्या आषाढात मुळशी खोऱ्यात तापाची साथ आली. पुण्याचे लोक तिला फ्लू म्हणत. भरे गावातले लोक नुसतं ‘ताप’ म्हणत आणि एकमेकांच्या कपाळाला हात लावून बघत. ऐन आवणीत, भाताच्या लावणीच्या दिवसांत, घरटी एक-दोन माणसं घोंगडीखाली गेली, तेव्हा नथू पाटलाने गावबंदी केली. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. बाजार बंद, भजन बंद. एसटीही यायची थांबली.

सगळ्यात जास्त कोंडमारा झाला तो भिवाजीचा. बावीस वर्षं त्याने सायकलीवरून पोस्टाची थैली वाहिली होती; पौडापासून पार ताम्हिणीच्या पायथ्यापर्यंत. शिमग्याला तो निवृत्त झाला. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, लेक सूसला नांदत होती. सकाळ झाली की हात रिकामे आणि पाय शिवशिवायचे. शेवटी तो पाटलाकडे गेला.

“मोरीपत्तोर जाऊन येत जा,” पाटील म्हणाला. “पण पल्याड गेलास, तर साथ हटंस्तोर माघारी यायचं न्हाई. ध्यानात ठेव.”

गावाच्या वेशीपासून मोरीपर्यंत, ओढ्यावरच्या त्या लहानशा पुलापर्यंत, रस्ता जेमतेम मैलभर. तेवढा तर तेवढा! दुसऱ्या दिवशी उजाडताच भिवाजी निघाला. झिमझिम चालू होती. भाताच्या खाचरांतून बेडूक ओरडत होते, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मोरी जवळ आली, तशी त्याने मान वर केली.

मोरीच्या पल्याडच्या उतारावरून एक सायकल येत होती. तिच्यावर एक बाई होती – बसलेली नव्हे, उभी! एक पाय सिटावर, दुसरा हँडलवर, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, दोन्ही हात घारीसारखे पसरलेले. अर्धे केस पिकलेले. चेहरा मात्र असा शांत, जणू देवळात उभी आहे.

भिवाजीला ब्रेक लावायचं भान राहिलं नाही. तो सायकलीसकट कडेच्या चिखलात गेला.

बाई टुणकन खाली उतरल्या, मोरीच्या पलीकडच्या टोकाशी थांबल्या.

“लागलं का ओ?”

“न्हाई… पडलो न्हाई मी. उतरलो.”

“असं उतरत्यात व्हय भऱ्यात?” त्या खळखळून हसल्या. ते हसणं ऐकून भिवाजी चिखलातच बसून राहिला. उठायचं त्याला सुचलंच नाही.

त्यांचं नाव गोजराबाई. मोरीपल्याडच्या वाडीतल्या कुशाबाची ही थोरली बहीण. बत्तीस वर्षं सर्कशीत सायकलीची कामं करून, गुडघा दुखायला लागला म्हणून चैत्रात भावाकडे आलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. वाडीनेही गावबंदी केली होती, आणि वाडीचीही हद्द मोरीशीच संपत होती.

“गुडगा दुखतोय, तरी हे?” भिवाजीने विचारलं.

“चालताना दुखतोय. सायकलीवर न्हाई दुखत.”

“माजंबी तसंच हाय बगा!” भिवाजी म्हणाला. एवढा आनंद त्याला पेन्शनीचा कागद आला तेव्हाही झाला नव्हता.

मग रोजची सकाळ मोरीवरची झाली. तो अल्याड, त्या पल्याड. मध्ये आठ-दहा पावलं आणि खालून लाल पाण्याचा लोंढा. पाण्याच्या आवाजावरून बोलायचं म्हणून दोघं जरा मोठ्याने बोलत. त्या मद्रासच्या समुद्राचं सांगत, तंबूच्या दिव्यांचं सांगत. तो सांगे, कोणत्या वळणावर वाघराचे डोळे दिसले, कोणत्या गावाला मुलगा लढाईवरून जिवंत असल्याचं पत्र नेलं, आणि त्या आईने पत्राऐवजी त्याचाच हात कसा डोळ्यांना लावला.

गोजराबाई ऐकताना पापणी हलवत नसत.

“हे आमच्या सर्कशीत न्हवतं,” त्या एकदा हळूच म्हणाल्या.

एके दिवशी त्यांनी फर्मान सोडलं, “पोष्टमन, हँडल सोडून चालवा बगू.”

“बावीस वर्षांत कदी सोडलं न्हाई. थैली असायची.”

“आता कुटं हाय थैली?”

भिवाजी मागे गेला, वळला, पायडल मारत आला. “माज्याकडं बगा! चाकाकडं बगू नका!” पलीकडून हाक आली. त्याने बघितलं… आणि हात सुटले. दहा-बारा हात सायकल आपोआप गेली. वारा छातीवर आला. सगळं आभाळ अंगावर आल्यासारखं वाटलं त्याला. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला असं काही होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“आलं की ओ!” गोजराबाई टाळ्या वाजवत होत्या. “पण… इतकं माज्याकडं बगायला न्हवतं सांगितलं.”

आणि मग एका सकाळी त्या आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी मोरीपाशी कुशाबाची बायको रंभाबाई उभी होती, डोक्यावर इरलं, चेहरा उतरलेला.

“भाऊजी, वन्सास्नी ताप हाय. घरात समदीच पडल्याती, मीच तेवढी उभी हाय. वन्सं सारखं इचारत्यात – उजाडलं का, मोरीवर जायाचं हाय. म्हनून सांगाय आले.”

भिवाजीने सायकल फिरवली आणि तो थेट पाटलाच्या ओसरीसमोर, अंतर राखून, अंगणात उभा राहिला.

“पाटील, मी मोरीपल्याड चाललोय. तुमी म्हनाल तवा माघारी यीन.”

“आरं, लोकं पटापटा पडायल्यात तितं! तितं कोन हाय तुजं?”

ओसरीवर चार माणसं होती. भिवाजीने टोपी नीट केली. खाली बघितलं… वर बघितलं.

“हाय,” तो म्हणाला.

एवढंच. आणि पाटलाने मान डोलावली.

कुशाबाच्या पडवीत भिवाजीने मुक्काम टाकला. सकाळी चूल पेटवून तो तांदळाची पेज करी. मग पावसात पाच मैल पौडला जाऊन दवाखान्यातून तापाच्या गोळ्या आणि बाटलीतलं लाल औषध आणी, वाडीतल्या घरोघरच्या उंबऱ्यावर ठेवी आणि हाक मारून पुढे जाई. पोस्टाच्या नोकरीतही त्याची एवढी वाट कुणी बघितली नसेल. दुपारी गोजराबाईंच्या अंथरुणाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवी. त्या तापात बरळत – दिवे मोठे करा, म्हणत.

सहाव्या दिवशी घाम फुटला. गोजराबाईंनी डोळे उघडले.

“तुमी हितं? आन गाव?”

“गाव तितंच हाय. मी हललो.”

त्याने वाटी तोंडाशी धरली. दोन घोट झाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“लई टाळ्या वाजवल्या लोकांनी मला. पेज कुनी भरवली न्हाई.”

श्रावणाच्या मध्याला साथ हटली. वाडीत एक म्हातारी तेवढी गेली. बाकीची माणसं उठून शेतात लागली. रस्त्यावरच्या फांद्या बाजूला झाल्या. पाटलाचा निरोप आला – भिवाजीला म्हणावं, ये आता. भिवाजी निघायच्या बेतात होता. पाय मात्र निघत नव्हता.

“जायाच्या आधी मला मुळशीचं धरन दाखवाल?” गोजराबाईंनी विचारलं.

“तुमी बघितलं न्हाई?”

“न्हाई. आमचं गाव त्या पान्याखाली हाय. गाव उठलं तवा मी अठराची. आबा कुशाबाला घिऊन हितं आलं. मी सर्कशीबरुबर गेले. पानी चढल्यालं बगायचा धीर झाला न्हाई… अजूनपत्तोर.”

दोघं सकाळीच निघाली. त्या अजून अशक्त होत्या, म्हणून तो पुढे राहून वारा अडवत होता. चढ आला की दोघं उतरून चालत. शेवटचं वळण संपलं, झाडी मागे पडली, आणि एकदम समोर… पाणी. डोंगराच्या कुशीपासून कुशीपर्यंत, काठोकाठ. कड्यांवरून पांढऱ्या धारा लोंबत होत्या, ढग इतके खाली की हात लावावा. आणि एका फटीतून उतरलेलं ऊन पाण्यावरून सावकाश सरकत होतं.

भिवाजी बावीस वर्षं याच काठाने गेला होता. थांबला कधीच नव्हता. नकळत त्याने टोपी काढली.

“त्या तितं,” गोजराबाई म्हणाल्या, “त्या टेकाडाच्या अलीकडं आमचं आंगन.”

त्या रडल्या नाहीत. चपला काढून गुडघाभर पाण्यात गेल्या, ओंजळ भरून तोंडावर मारली आणि पुष्कळ वेळ तशाच उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा चेहरा धुऊन निघालेल्या आभाळासारखा दिसत होता.

भिवाजीला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“बाई… मला बोलाय येत न्हाई. जलमभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आपलं एक लिवलं न्हाई.”

“मग आता लिवताय?”

“न्हाई. हितंच सांगतो. माज्या घरी या… कायमच्या.”

वाऱ्याने त्यांचा पदर फडफडला. त्यांनी तो खोचला, पुन्हा सोडला, पुन्हा खोचला.

“मी पन्नाशीची हाय.”

“मी तुमच्यापरीस सा वर्षांनी म्हातारा.”

“मला भाकरी थापाय येत न्हाई धड.”

“मला येती.”

“लोकं बोलतील… सर्कसवाली आनली म्हनून.”

“बोलू द्या. त्यांनी अजून तुमास्नी सिटावर उबं ऱ्हाईल्यालं बघितलं न्हाई.”

गोजराबाईंनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही.

“तुळशीचं लगीन तरी होऊ द्या आदी. मग बगू.”

“बगू?”

“…मग यीन.”

सरकत सरकत ऊन काठापर्यंत आलं होतं. त्यांच्या पिकल्या केसांवर, ओल्या पापण्यांवर पडलं होतं. भिवाजी नुसता उभा होता.

“चला की आता,” गोजराबाईंनी सायकल उचलली. “पानी काय बगत बसलाय?”

“पानी बगत न्हाई मी,” भिवाजी म्हणाला.