टाकीवरच्या दोन रेघा

माझ्या धाकट्याचा ताप उतरत नव्हता, त्या वर्षी मी एक नवस बोलले होते. पोर उठून बसलं, तर घराबाहेर निघणाऱ्या माणसाला माझ्या तोंडून कधी वाकडा शब्द जाणार नाही. पोर उठून बसलं. मी शब्द पाळला. सोपं नव्हतं, कारण तेच पोर मोठं होऊन थोरल्या भावाशी रोज भांडायला लागलं, आणि नवस माझ्या जिभेवर होता, त्यांच्या नव्हे.

त्या रात्रीही तेच. सकाळी दोघं एकाच मोटारसायकलवर लांबच्या प्रवासाला निघणार होते आणि संध्याकाळपासून दोघांत विस्तव जात नव्हता. कारण काय, तर किल्ली कोणी कुठे ठेवली. जेवणं मुक्यानं उरकली. मी भांडी जरा जोरातच आपटत होते. भांड्यांवर राग काढू नये असं काही नवसात नव्हतं.

माझे चुलत सासरे गच्चीत बसले होते. उभा जन्म बस चालवण्यात गेला त्यांचा. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी गच्चीवरचा दिवा घालवला आणि हाक मारली, "या रे दोघे इकडे. सूनबाई, तूही ये. भांडी फोडायची ती उद्या फोड."

मुलं आली. एक या कठड्याला, दुसरा त्या.

"आमच्या डेपोत एक कारकून होता," काका म्हणाले. "त्याच्यावर बेतलेली गोष्ट आहे. त्याच्याच तोंडून ऐकलेली. मध्ये बोलायचं नाही."

मग ते सांगत गेले, ते असं.

या कारकुनाचा बाप मोटारसायकलींचा मिस्त्री होता. हाताला सोनं, जिभेला हाड नाही. शिवी दिल्याशिवाय पाना हातात देत नसे. दोन मुलगे. थोरला बापाच्याच गॅरेजात राबला, धाकटा म्हणजे आपला कारकून, तो डेपोत चिकटला. दोघांचं लहानपणापासून पटायचं नाही.

मिस्त्रीचा एक कायदा होता. गाडीच्या कुठल्याही स्क्रूला हात लावला की ज्यानं लावला त्यानं टाकीवर निळ्या खडूची एक उभी रेघ ओढायची. म्हणजे दुसऱ्याला कळतं, की इथे कोणीतरी काहीतरी फिरवलंय. काम बरोबर निघालं की मिस्त्री स्वतः येऊन त्या रेघेवर आडवी रेघ मारायचा. काही बोलायचा नाही. शाबासकी म्हणतात ती तेवढीच. आणि रेघ न ओढता कोणी हात लावला, तर मात्र अख्खी गल्ली ऐकायची.

मिस्त्री गेला. जाताना थोरल्याजवळ दोघांसाठी निरोप ठेवला, "एकमेकांशी बोलणार नसाल, तर माझ्या गाडीला हात लावू नका." खडूचा तो शेवटचा तुकडा थोरल्यानं बापाबरोबरच चितेवर ठेवला.

वर्ष गेलं. घाटापलीकडे त्यांची बहीण दिली होती. तिचं मोठं ऑपरेशन ठरलं. तिनं निरोप धाडला, "सकाळी मला आत नेतील. त्याआधी दोघं एकत्र दिसा. वेगवेगळे येणार असाल तर येऊच नका." बहीणही बापाचीच होती.

तर ती रविवारची रात्र. दुसऱ्या दिवशी अमावास्या. थंडी सरत आलेली. बापाची मोटारसायकल काढली. थोरला पुढे, धाकटा मागे, मधे बहिणीसाठी घेतलेल्या घोंगडीची वळकटी. तेवढंच अंतर हवं होतं दोघांना.

सपाटीवर गाडी बरी चालली. घाट लागला आणि तापायला लागली. थोरल्याच्या मांडीला टाकीखालून धग लागत होती, तरी तो गाडी दामटत राहिला. मग सायलेन्सर फटके मारायला लागला. फाट्. फाट्. दरीत आवाज घुमायचा. तिसऱ्या वळणावर गाडी बंदच पडली.

उतरले. बॅटरीच्या उजेडात थोरल्यानं तेल बघितलं, होतं. पेट्रोलचा कॉक बघितला, उघडा.

"टायमिंग गेलंय," तो म्हणाला.

"प्लग काढ आधी," धाकटा म्हणाला.

"डेपोत शिकवतात वाटतं हे? शिक्के मारता मारता?"

"प्लग काढ म्हटलं ना."

काढला. पांढराफटक, चुन्यात बुडवल्यासारखा.

"बघ. हवा जास्त जातेय, पेट्रोल कमी," धाकटा म्हणाला. "कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू फिरवलास तू. ॲव्हरेज वाढवायला गेला असशील, कंजूष कुठला."

"मी हातही लावला नाही. तूच काल अंधारात गाडीपाशी घुटमळत होतास."

"मी? जिच्यावर तू बापासारखा नाग होऊन बसलायस, त्या गाडीला मी हात लावीन?"

"बापाचं नाव काढू नकोस. मेला तेव्हा तू कुठे होतास?"

"तू कळवलंस कधी मला? जाळून झाल्यावर?"

आता खरं काय ते ऐका. स्क्रू दोघांनीही फिरवला होता. थोरल्यानं ॲव्हरेजसाठी अर्धा फेरा सैल केला. मग रात्री धाकट्याला वाटलं, हा नेहमी पेट्रोल जास्त ठेवतो, घाटात धूर ओकेल. त्यानं गुपचूप आणखी अर्धा फेरा सैल केला. अर्धा फेरा चालून गेला असता. पण बोलायचंच नाही म्हटल्यावर सांगणार कोण? आणि रेघ कोणीच ओढली नव्हती.

धाकट्यानं किल्ली हिसकावून खिशात टाकली. "इंजिन गार होईपर्यंत हात लावायचा नाही."

बसले. दोन दगडांवर, दोन दिशांना तोंडं करून.

तापलेलं इंजिन गार होताना टिक टिक वाजतं, माहीत आहे ना? तसं वाजत होतं. टिक... टिक... बराच वेळ गेला. घोंगडी अंगावर घ्यावी इतका गारठा पडला. टिक टिक थांबेना. थोरला उठला, इंजिनावर तळवा ठेवला.

बर्फ.

आणि आतून... टिक... टिक...

"किल्ली आण," तो हळूच म्हणाला.

"माझ्याच खिशात आहे."

वास यायला लागला. रॉकेल आणि कपडे धुण्याचा साबण. मिस्त्री त्यानंच हात धुवायचा. दोघांनाही आला.

मग थोरला चिडला. भीती वाटली की माणूस चिडतोच. "तुझ्यामुळे ती तिकडे एकटी आत जाणार. तूच फिरवलास. मी हात लावलेला नाही."

फाट्!

किल्ली खिशात. इंजिन गार. आणि सायलेन्सरमधून हातभर जाळ.

त्या जाळात दिसलं. गाडीपाशी कोणीतरी उकिडवं बसलेलं. पाठमोरं. कार्बोरेटरवर वाकलेलं.

अंधार.

बॅटरी... बॅटरी लागेना.

धाकटा दगडामागे सरकला. "दादा... मी नाही रे. मी पण नाही लावला..."

फाट्!

या वेळी त्यानं मान वळवली होती.

तोंड... नाही. तोंड कसं होतं ते कारकुनानं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "काका, फार रागावलेले होते हो."

अंधार. टिक टिकही बंद.

काही नाही.

कोणीतरी वाट बघत असल्यासारखं. आमच्या बापाला असं वाट बघत बसलेलं आम्ही हजारदा पाहिलंय, कारकून म्हणाला. पाना हातात घेऊन. कोण कबूल होतो ते.

"अर्धा फेरा," थोरला म्हणाला. "परवा. मी."

"अर्धा मी," धाकटा म्हणाला. "काल रात्री."

...

वारा सुटला. वास गेला. बॅटरी आपोआप लागली. गाडीपाशी कोणी नव्हतं.

थोरल्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. खाच सापडेना. धाकट्यानं त्याच्या हातावर हात ठेवला. एक पूर्ण फेरा, दोघांनी मिळून आवळला. प्लग पुसून बसवला. पहिल्या किकला गाडी लागली. घाट चढली, उतरली, एक फटका नाही.

उजाडता उजाडता दवाखान्याच्या दारात पोचले. बहिणीला ढकलगाडीवर घेतलं होतं. तिनं दोघांकडे पाहिलं, म्हणाली, "भांडलात ना वाटेत? असू दे. आलात." आणि आत गेली. धडधाकट बाहेर आली, अजून आहे.

दोघं चहाला बाहेर आले. गाडीवर ऊन पडलं होतं. टाकीवर घाटाची धूळ बसलेली, पांढरी, जाड. त्या धुळीवर दोन रेघा. निळ्या खडूच्या. उभ्या.

आणि दोन्हींवर मारलेली एक आडवी.

काका थांबले. मग माझा थोरला उठून खाली गेला, बॅटरी घेऊन. पाठोपाठ धाकटाही. अंगणातून मोटारसायकलपाशी दोघांचं बोलणं ऐकू यायला लागलं. भांडतच होते, पण बोलत होते. "चेन तू आवळलीस का?" "हो." "मग सांगायचं ना." मी कठड्यावरून वाकून पाहिलं नाही. कान मात्र तिकडेच होते.

सकाळी त्यांच्या पिशवीत मी एक खडू घातला. निळा मिळाला नाही, पांढरा घातला.

तुमच्याही घरातून उद्या कोणी निघेल. माझं एवढं ऐका. नवस बोलायला ताप कशाला चढायला हवा? कोणी उंबरा ओलांडायच्या आत जे फिरवलंत ते सांगून टाका. राग राहिला तरी चालेल, रेघ ओढायची राहू देऊ नका.