चंद्रव्वाची शेगडी

कंदील जरा बारीक करा, आणि मधेच कुणी उठू नका. होटगी स्टेशनातल्या जोतीरामच्या बाबतीत घडलेलं आहे हे. त्याच्याइतका कमी बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही, तेव्हा तिखटमीठ लावलं असेल ही शंकाच नको.

जोतीराम रेल्वेत सांधेवाला, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचा. शहात्तर साल, जानेवारीची एकतीस तारीख, शनिवार, पौषातली अमावास्या. पाळी संपवून तो सोलापूरला गेला, नवी पेठेतून एक जाड चादर घेतली आणि रात्रीच्या पॅसेंजरनं परत आला. चादर चंद्रव्वासाठी होती. म्हातारी सत्तरीच्या पुढची, गावाच्या टोकाला एका खोलीत एकटी राहायची. मुलगा तिकडं मोडनिंबला. जोतीरामची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हा हिनंच त्याला चार घास भरवले होते. तो तिला अव्वा म्हणायचा, कानडीत आई; तिच्या बोलण्यात मधूनच कानडी यायचं.

त्या साली थंडीनं म्हातारी रात्र रात्र पाय पोटाशी घेऊन बसायची. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानं तिला शेगडी पेटवून दिली होती. निघताना बजावलंही होतं.

"अव्वा, झोपताना शेगडी भाईर ठेव. बंद खोलीत कोळशाचा धूर लई वाईट."

"व्हय की. पर तू चादर कवा आणतोस?"

"उद्या."

स्टेशनातून तो थेट चंद्रव्वाच्या दाराशी आला, तेव्हा नऊ वाजत आले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दार आतून लावलेलं. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. त्यानं दारावर थाप मारली.

"अव्वा?"

"...आलास?"

आवाज दाराशीच होता. त्याला हायसं वाटलं.

"चादर आणलीया. दार उघड."

"आता कशाला..."

"शेगडी कुटं हाय?"

त्यानं दाराला कान लावला.

"अव्वा, शेगडी आत घेतलीस का?"

"व्हय. थंडी लई हुती रे."

"खिडकी तरी उघड. उठता येतंय का?"

"न्हाय..."

त्यानं दाराला खांदा दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. आतून आडणा घातलेला.

"झोपू नगं, अव्वा. बोलत ऱ्हा माझ्यासंगं."

"साकु, जोत्या. पुरं आता."

तो थबकला.

हा आवाज दारामागून आला नव्हता.

त्याच्या पाठीमागून आला होता. अगदी मानेजवळून.

"दार कशाला मोडतोस... आत कोण न्हाय."

वळून बघावं, तर मान वळेना. चादर हातातून गळाली...

किती वेळ गेला कोण जाणे. मग बॅटरीचा उजेड आला. शेजारचा धोंडीराम होता.

"हितं काय करतोस? म्हातारी एकदा पोराकडं जाऊन येते म्हणत हुती, दिवसभर दिसलीबी न्हाय. गेली आसंल की."

"दार आतनं लावलंय," जोतीराम एवढंच म्हणाला.

दोघांनी पहारीनं दार काढलं. चंद्रव्वा शेगडीशेजारी पडलेली, भिंतीकडं तोंड करून. अंग लाकडासारखं. शेगडी गार. जमलेल्या बायका म्हणाल्या, कालच्या रात्रीच गेली ही.

म्हणजे जोतीराम "झोपू नगं" म्हणत होता, तेव्हा तिला जाऊन सबंध दिवस उलटला होता.

त्यानं चादर उचलून तिच्यावर घातली. पायाशी नीट खोचली. खोचून झाली, तरी खोचतच राहिला.

"मीच पेटवून दिली..."

शेवटी धोंडीरामनं त्याचे हात धरले.

घरी येऊन त्यानं सदरा काढला. बायको शिवबाई तो हातात घेऊन दिव्याशी गेली, आणि तिथंच उभी राहिली.

"तुमच्या पाठीवर कुणी हात फिरवला?"

सदऱ्याच्या पाठीवर राखेची पाच बोटं उमटली होती. लहान, सुकलेल्या हाताची. पोराला थोपटताना उमटावीत तशी.

त्या खोलीत शेगडीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.