कडेबाहेरची आठवण

स्टीलच्या डब्याचं झाकण ओट्यावरून पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. तेवढीच घरातली शांतता मोडली. जुई लाडू शोधत होती. तिच्या आईची, नीरजाची, नजर मात्र भिंतीवरच्या पडद्यावरून हलली नाही. चांद्रवसाहतीच्या व्हिसा कार्यालयाचा निकाल आला होता : कुटुंबाची आठवण उसनी. अर्ज नामंजूर.

जुई रांगत होती तेव्हा तिचा बाबा, आशय, कामासाठी चंद्रावर गेला. तो अजून मायलेकी तिकडे येण्याची वाट बघत होता.

गंमत म्हणजे हा निकाल देणारी परीक्षा नीरजानेच बांधली होती. कागद, अंगठे, चेहरे, सगळ्यांची हुबेहूब नक्कल व्हायला लागली. म्हणून कार्यालय नात्याचा पुरावा म्हणून आठवणी विचारू लागलं, तर दलाल अर्जदारांच्या मेंदूत उसन्या आठवणीच रोवायला लागले. न झालेली लग्नं, न झालेली बाळंतपणं माणसं डोळ्यांत पाणी आणून सांगत आणि व्हिसा घेऊन जात. तेव्हा तिने आठवणपारख यंत्र बनवलं. अर्जदाराने एकच प्रसंग दोनदा सांगायचा आणि यंत्राने दोन्ही वेळच्या मेंदूलहरी ताडून बघायच्या.

संध्याकाळी प्रयोगशाळेतले तिचे वरिष्ठ, डॉ. बेहरे, घरी आले.

"खरी आठवण गोधडीसारखी असते," ते म्हणाले. "काढली की आपण ती उसवतो आणि पुन्हा शिवतो. दर वेळी टाका थोडा सरकतो. उसनी आठवण छापील कापड. तुझी छापील निघाली, नीरजा."

"निघणारच. माझ्या लेकीने टाका सरकूच दिला नाही."

परीक्षेत नीरजाने जुईच्या जन्माचा प्रसंग सांगितला होता, आणि जुईला झोपताना रोज तीच गोष्ट लागायची. दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते, दिवे जातात आणि जुई अंधारात जन्मते. 'लिफ्टवाल्या काकांनी टोपी काढली' एवढंच म्हटलं की पांघरुणातून आवाज येई : 'काढून छातीशी धरली' म्हण.

"म्हणजे लेकराला गोष्ट सांगणारी प्रत्येक आई तुमच्या यंत्राला लबाड वाटणार," नीरजा म्हणाली.

"आपल्या यंत्राला," बेहरे म्हणाले.

तेवढ्यात पराग नावाच्या दलालाचा फोन आला. निकाल त्याला आधीच ठाऊक होता. आत आपला माणूस आहे, व्हिसा शंभर टक्के, फक्त आजच ठरवा, असं तो गोड आवाजात सांगत राहिला. "तुमचीच आठवण, ताई. आम्ही जरा खडबडीत करून परत बसवतो. खोटं काहीच नाही त्यात."

"माझं बाळंतपण माझ्याच डोक्यात भरून मला विकतोस?" नीरजा म्हणाली. "आणि आतला माणूस कुठला रे? आत यंत्र आहे. त्याचा स्क्रू न् स्क्रू मी बसवलाय." तिने फोन ठेवला आणि त्याचा नंबर सायबर पोलिसांना कळवला.

मग तिने अपील लिहायला घेतलं, तेही जाहीर. यंत्र चुकतंय आणि ते मीच बनवलंय, हे पहिल्याच ओळीत. बेहऱ्यांनी समजावून पाहिलं : इतक्या वर्षांचं काम बुडेल, आणि अपील फेटाळलं गेलं तर पुन्हा अर्ज करता येणार नाही. त्यापेक्षा दुसरा एखादा प्रसंग सांगून गुपचूप परीक्षा दे.

"आणि बाकीच्या आयांनी काय करायचं?" तिने विचारलं आणि अपील पाठवून दिलं.

"पुरावा मागतील," बेहरे म्हणाले. "उसन्या आठवणीला कडेबाहेर काही नसतं, जेवढं भरलं तेवढंच. खऱ्या प्रसंगात गोष्टीत न आलेलंही काहीतरी उरतं. वास, थंडी, काहीही. तसं एक सांग, म्हणजे झालं."

"त्यात काय," नीरजा म्हणाली आणि तिने डोळे मिटले. अंधार आला. लिफ्ट आली. काकांनी टोपी काढून छातीशी धरली. त्यापुढे नेहमीचं वाक्य आलं, त्याच्यापुढे पुढचं. तिने पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. सगळं तसंच, शब्दाला शब्द.

मांडीवर जुई येऊन बसली. हाताला लाडवाचं तूप होतं. तिने आईचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि आजवर कधी न विचारलेलं विचारलं.

"आई, लिफ्टमध्ये बाबा कुठे उभा होता?"