सात नंबरची नळी

आमची ओळख एका पळालेल्या जळूमुळे झाली, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

जळवा कुठल्याच बरणीत टिकत नव्हत्या. झाकण कितीही घट्ट लावा, सकाळी एखादी तरी खिडकीच्या काचेवर फिरायला निघालेली असायची. शेवटी मी तळमजल्यावरच्या काचशाळेतून माणूस बोलावला. आमच्या प्रयोगशाळेच्या नळ्या, बरण्या तो काच फुंकून बनवायचा, म्हणून सगळे त्याला फुंकर म्हणायचे. तो वाकून बरणीचं तोंड मोजत होता. मोजता मोजता शांतपणे म्हणाला, "जळवाबाई, तुमची एक कमी आहे का बघा."

"का बरं?"

"नाही... माझ्या मनगटावर एक आहे. माझी नाही, एवढं नक्की."

मी जळू सोडवली आणि कापूस दाबून धरला. जळूच्या लाळेत असं काही असतं, की तिने चावलेल्या जागी रक्त तासन् तास गोठत नाही. त्या लाळेतला नेमका अंश वेगळा काढायचा, तो माणसाच्या रक्तात मिसळायचा आणि रक्त किती सेकंदांत गोठतं ते मोजायचं, हेच माझं काम. त्यामुळे दुसऱ्या दिवशीही त्याचं मनगट ओलंच होतं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

पुढे मला बारा निरोगी माणसं हवी होती, दर गुरुवारी थोडं थोडं रक्त देणारी. लोक फॉर्म बघूनच पळायचे. हा मात्र स्वतःहून आला आणि सगळ्या प्रश्नांपुढे भराभर 'नाही' लिहून मोकळा झाला. त्याला नंबर मिळाला सात.

गुरुवारी चार वाजता तो यायचा. बाहीला भट्टीची ऊब असायची. मी रक्त काढायची, कापूस दाबायची, आणि बाकीचे अकरा जण दोन मिनिटांत उठून जायचे. हा मात्र बसलेलाच.

"थांबलं असेल आता," मी म्हणायची.

"अजून नाही हो."

"नाटकं करता?"

"बघा ना उचलून."

मी उचलून बघायची, आणि खरंच थेंब यायचा. मग पुन्हा दाबून धरायचं... पाच मिनिटं, कधी दहा. त्या दहा मिनिटांत तो मला काच कशी वितळते ते सांगायचा, आणि मी त्याच्या भुवईवरचा भाजल्याचा डाग बघत बसायची. रक्त थांबू नये असं मला वाटायला लागलं होतं. कसली संशोधक मी!

आणि मग घोळ सुरू झाला.

प्रत्येकाच्या रक्ताच्या मी दोन नळ्या करायची. एकीत जळवेचा अंश, दुसरी कोरी. कोरीतलं रक्त वेळेवर गोठायलाच हवं. अकरा जणांचं गोठायचं. सात नंबरची कोरी नळी मात्र दुप्पट वेळ घ्यायची. मला वाटलं, मीच अंश चुकून दोन्हींत टाकतेय. नळ्या बदलल्या, चिठ्ठ्या बदलल्या, सगळं पुन्हा धुतलं. तरी तेच.

मोठ्या मॅडमनी वही पाहिली. "हा माणूस काही गोळ्या घेतो का?"

"फॉर्मवर 'नाही' लिहिलंय."

"मग चूक हाताची आहे. आणि एका नळीत हात चुकतो, तर बाकीच्यांवर मी विश्वास कसा ठेवू? पुढच्या शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर तीन महिन्यांचं सगळं काम रद्द."

त्या आठवड्यात भट्टीच्या दुरुस्तीमुळे तो आला नाही. सगळ्या नळ्या शहाण्यासारख्या वागल्या. मी डोकं धरून बसले. म्हणजे तो समोर असला की माझा हात चुकतो, हे आता सिद्धच झालं होतं की! घरी आई म्हणाली, "अगं, आमटीत साखर घातलीस." मला त्यातही पुरावाच दिसला.

पुढच्या बुधवारी दुपारी मी काचशाळेत उतरले. तो नळी फिरवत होता. नारिंगी काच मधासारखी वाकत होती.

"उद्या येऊ नका," मी म्हणाले. "उद्या नको आणि नंतरही नको."

त्याने ज्योत बारीक केली. "माझं काही चुकलं?"

"तुमचं नाही, माझं. तुम्ही आलात की माझे हात ठिकाणावर राहत नाहीत. मी नळ्यांचा गोंधळ करते. सिद्ध झालंय ते. माझं काम रद्द व्हायची वेळ आलीय, म्हणून..."

बोलता बोलता लक्षात आलं, मी हे काय बोलून बसले. कान तापले. आधी हसू आलं त्याच्या चेहऱ्यावर, मग ते हळूहळू मावळलं.

"तुमचे हात कधीच चुकले नाहीत," तो म्हणाला. "मी फॉर्मवर खोटं लिहिलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या पायात रक्ताची गाठ झाली होती, आणि नंतर पुन्हा एकदा. तेव्हापासून रक्त पातळ राहायची गोळी घेतो. खरं लिहिलं असतं, तर तुम्ही मला त्या खुर्चीत बसू दिलं नसतं."

नाटक म्हणत होते ते खरं होतं, आणि खरं मानलं होतं ते खोटं. तीन महिने मी स्वतःला वेंधळी समजत होते.

"शरम नाही वाटली?"

"वाटली. मॅडम तुम्हाला बोलल्या हे कळलं, तेव्हा फार वाटली. म्हणून तर सोमवारपासून गोळी बंद केलीय. म्हटलं, निदान उद्याची नळी तरी वेळेवर गोठेल..."

"काय केलंत?"

"दोनच दिवस झाले..."

गाठ पायातून सुटून छातीत गेली तर काय होतं, हे रक्ताच्या गुठळ्या मोजणाऱ्या मला कुणी सांगायला नको होतं. "खड्ड्यात गेली नळी," मी ओरडले. "मला नळी नकोय. मला तुम्ही हवे आहात, जिवंत. समजलं? आधी डॉक्टरांना फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने मुकाट्याने फोन लावला. डॉक्टरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, आजच नेहमीची गोळी घ्यायला सांगितली आणि उद्या तपासायला बोलावलं. मी पाणी आणलं. ग्लास त्यानेच फुंकलेला, जरा तिरका. तो गोळी गिळेपर्यंत मी हलले नाही.

मग वर गेले, वहीतल्या सात नंबरच्या सगळ्या नोंदींवर लाल रेघ मारली आणि मॅडमना कारण सांगितलं. त्यांनी बाकीच्या अकरा जणांचे आकडे तासभर तपासले आणि खाली सही केली. "हात चांगला आहे तुझा," म्हणाल्या.

मी परत खाली आले. तो भट्टी विझवून तसाच बसला होता.

"सात नंबर बाद," मी म्हणाले. "खुर्ची गेली."

"जायलाच हवी होती." मग म्हणाला, "गोळी घेतलीस का, म्हणून ताई रोज फोन करते. तिलाही दोन दिवस खोटंच सांगितलं."

"ताईंना सांग, उद्यापासून मी बघेन. रोज सहा वाजता येईन खाली. माझ्यासमोर घ्यायची."

मी 'सांग' म्हणाले, ते त्याने ऐकलं होतं. "रोज?"

"रोज."

"किती दिवस येशील?"

"डॉक्टरांनी गोळी किती दिवस सांगितलीय?"

तो तिरका ग्लास हातात फिरवत राहिला. "जन्मभर," म्हणाला.

"मग तेवढेच दिवस."