वाटीभर पाणी

सासूला हिवाळ्यापुरतं काबूलला घेऊन यायचं, एवढ्याच कामासाठी शकीबा त्या गुरुवारी डोंगरातल्या इस्तालिफ गावी निघाली होती. काम साधं होतं, सासू साधी नव्हती. बीबी माहगुलने वर्षभर सुनेचं एकही बोलावणं मनावर घेतलं नव्हतं आणि आता अचानक तिचाच निरोप आला होता, ये, या वेळी तुझ्याबरोबर येते.

गाडी समदकाकाची होती. शकीबाच्या वडिलांचा हा जुना शेजारी तोंडाने फटकळ, पण त्या रस्त्याने एकट्या बाईला सोबत करायला दुसरं कोण तयार होणार? शहराच्या वेशीवर पोलिसांनी डिकी उघडायला लावली. त्यापुढे एके ठिकाणी जळालेल्या बसचा सांगाडा रस्त्याकडेला अजून पडून होता. समदकाकाने उगीचच आरसा सारखा केला आणि वेग वाढवला. शकीबाने मान वळवली नाही.

वर्षापूर्वी तिचा नवरा कय्यूम त्या बसमध्ये होता. दर गुरुवारप्रमाणे आईकडून मातीची भांडी घेऊन शहरातल्या दुकानाकडे परत येत होता. स्फोटानंतर बसमधलं कोणीच ओळखण्यासारखं उरलं नाही, म्हणून सगळ्यांना एकाच कबरीत ठेवलं. शकीबाला रडायलाही स्वतःची अशी जागा मिळाली नाही.

“असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की लगेच निघायचं,” इस्तालिफच्या बाजारात गाडी लावत समदकाका म्हणाला. “अंधार पडला की नाक्यावरचे पोलीस घरी जातात आणि त्यांच्या जागी भलतेच कोणी उभे राहतात. सासू-सुनेचं गोडबोलणं गाडीत करा.”

“आमचं गोडबोलणं दोन वाक्यांत संपतं, काका.”

“मग तर माझा चहाही पुरा व्हायचा नाही.”

ती चढण चढून गेली. दुकानांच्या फळ्यांवर निळ्या-हिरव्या वाडग्यांच्या उतरंडी होत्या आणि बाजारात गिऱ्हाईक असं नव्हतंच. घराचं दार बीबीने उघडलं. शकीबाने आधी आत पाहिलं. एकही गाठोडं बांधलेलं नव्हतं.

“बांधाबांध, बीबीजान?”

“आधी चहा घे. गारठली असशील.”

शेगडीवर बैठं मेज आणि त्यावर चारही बाजूंनी लोंबणारी जाड रजई. दोघी रजईत पाय घालून बसल्या. खोलीत ओल्या मातीचा वास होता. कय्यूम गेल्यापासून या घरातलं कुंभाराचं चाक फिरलं नव्हतं, तरी वास ताजा होता. बीबी वेलदोड्याचा चहा ओतत होती खरी, पण तिचा कान दाराकडे लागलेला होता.

“तो येतो,” ती म्हणाली.

“कोण?”

“गुरुवारी कोण यायचं?”

शकीबाचा पेला हातातच राहिला.

“आत येत नाही. दाराशीच उभा राहतो. माल बांधला का म्हणून विचारतो. मी म्हणते, पुढच्या गुरुवारी, बेटा. मग जातो. मी मागे वाटीभर पाणी टाकते... आणि पुढच्या गुरुवारी येतो परत.”

परगावी निघालेल्याच्या पाठीमागे पाणी टाकायचं म्हणजे तो सुखरूप परत येतो, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या शेवटच्या गुरुवारीही बीबीने टाकलं होतं. शकीबाचं घर मात्र शहरात, चौथ्या मजल्यावर. तिथून पाणी टाकलं तर खालून जाणाऱ्याच्या पगडीवर पडायचं, म्हणून कय्यूमच हसून ‘राहू दे’ म्हणायचा. म्हातारीला वेड लागलंय, हे शकीबाला कळत होतं. तरीही, तो आईकडे येतो आणि माझ्याकडे येत नाही, या विचाराने तिचा जळफळाट झाला. स्वतःचीच तिला लाज वाटली.

“मुल्लासाहेब म्हणतात, पाणी बंद कर, म्हणजे त्याची वाट मोकळी होईल,” बीबी सांगत होती. “तो तिकडे पोचेल तरी. नाहीतर असाच हेलपाटे घालत राहील बिचारा. वर्षभर ठरवतेय गं. हात ऐकत नाही. म्हणून तुला बोलावलं. आज माझा हात धर. मग लगेच निघू.”

“धरते,” शकीबा म्हणाली. समजूत घालायची आणि निघायचं, एवढाच तिचा हिशेब होता.

असरची बांग झाली. दऱ्याखोऱ्यांत सावल्या लांबल्या. आणि मग ओल्या मातीच्या वासात दुसरा एक वास मिसळला... जळक्या रबराचा. गल्लीत पावलं वाजली. एका माणसाची, दमलेली.

दारावर थाप पडली.

“आई... माल बांधला का?”

तोच आवाज. सर्दी झाल्यासारखा थोडा जड, पण तोच.

“पुढच्या गुरुवारी, बेटा,” बीबी म्हणाली.

“बरं.” बाहेर पाऊल वळलं आणि थबकलं. “शकीबाला निरोप दे. मला उशीर होईल. म्हणावं, थांबू नकोस... जेवून घे.”

“कय्यूम—” ती ओरडणार तोच बीबीने तिच्या तोंडावर हात दाबला.

“आत कोण आहे, आई?”

“कोणी नाही रे.”

पावलं उताराकडे निघाली. बीबीने दार उघडलं. गल्ली रिकामी होती, पण पावलं ऐकू येत होती. म्हातारीचा हात भरलेल्या झारीकडे गेला आणि मागे फिरला. तिने झारी उचलून सुनेच्या हातात दिली. “घे. लांब ठेव.” तिचे डोळे वाहत होते. “जा रे माझ्या राजा... जा आता.”

वर्षभर शकीबा रात्री ताट वाढून बसत होती आणि अन्न गार झाल्यावर झाकून ठेवत होती. हे कोणालाच माहीत नव्हतं. झारी घेऊन ती मागे फिरली, दोन पावलं गेली आणि तशीच वळून धावली. तिने झारी गल्लीत उपडी केली. पाणी उतारावरून भसाभस पळालं.

पावलं थांबली.

“काय केलंस पोरी...” बीबी पुटपुटली. “मी वाटीभरच टाकायचे. एकापुरतं. तू सगळी झारी ओतलीस.”

पावलं परत फिरली होती. या वेळी ती एका माणसाची नव्हती. काही जड होती, काही घासत येणारी, काही अगदी लहान, पळणारी. बीबीने दार लोटून कडी घातली. जळका वास दाराच्या फटींतून आत आला.

“काका, हे आपलं घर आहे?” बाहेर एका लहान पोराने विचारलं.

“नाही रे बाळा,” कय्यूमचा आवाज म्हणाला. “माझ्या आईचं आहे. पण आता सगळ्यांनाच बोलावलंय.”

बीबीने डोक्यावरची ओढणी सारखी केली. “पाहुणे आहेत,” ती म्हणाली. “थंडीत दाराशी कसं उभं ठेवायचं...”

शकीबाने आता तरी तिचा हात धरायला हवा होता. तिने पुढे होऊन स्वतःच कडी काढली.

गल्लीत कोणी नव्हतं. फक्त ओला उतार. मागे खोलीत मात्र रजईच्या कडा एकेक करून उचलल्या जात होत्या आणि खाली पडत होत्या, गारठलेले पाय आत सरकवावेत तशा. समोरची बाजू, डावी, उजवी. मग दाराजवळचा तो कोपरा, जिथे कय्यूम नेहमी बसायचा.

खाली बाजारात समदकाका पुन्हा पुन्हा भोंगा वाजवत होता. शकीबा फडताळापाशी गेली आणि चहाचे पेले काढू लागली.