पाचव्या पानावरचं भिंग

दारव्ह्याच्या जीप स्टँडसमोर टायपिंगचं दुकान हाय, तिथं उर्वशी बसे. एकोणीस वर्षांची, अकरावीतच शिक्षण सोडलेली, राग सदा नाकावर. त्या दुपारी लाइट गेलती, कूलर बंद, अन दारात एक पोरगा वहीनं वारा घेत उभा. जीप चुकली म्हणून सावलीले आलता. तेवढ्यात तिनं वहीत पाहून घेतलं — बाण, भिंगं, अन एकावर एक रचलेली अक्षरं.

"हे टाइप करून भेटते काय?"

"लाइट आली तर भेटते. पण हे घरी बसून लिवलं, का चालत्या जीपमधी?"

तो हसला. संघदीप त्याचं नाव, दहावीच्या ट्युशनले सायन्स शिकवे. त्याची पुढची जीपही गेली... त्यानं पाह्यलंच नाही.

मंग दर गुरुवारी तो ट्युशनच्या नोट्स टाइप करून घ्याले येऊ लागला. बाजूच्या स्टुलावर बसून हळूच वाचे, "वन अपॉन एफ..." अन ती सूत्र रची. मजकूर त्याचा, पण चित्रं तिचीच. माउसनं असं भिंग काढे, की त्याले वहीतलं आपलं झाकावं वाटे. एक भानगड मात्र होती. वर एक ओळ वाढवली, की चित्र घसरून खालच्या पानावर जाय.

"पळालं पाह्य तुयं भिंग," तो म्हणे.

ती माउस आपटे. तो माउस सरळ करून द्यायचा — बोटाले बोट लागायचं, अन दोघंही स्क्रीनकडंच पाहत बसायचे.

पुढं दोन दिवस डोकं खपवून तिनं एकटीनंच शोधून काढलं, चित्र पानाले कसं खिळायचं ते. मंग वर कितीही ओळी टाका, जागचं हलत नाही. सारी चित्रं तिनं लॉक करून ठेवली. गुरुवारी त्याले दाखवणार होती.

गुरुवारी तो आला अन उभ्या-उभ्याच म्हणाला, पुण्याले नोकरी लागली, शनिवारची गाडी हाय.

"चहा सांगून येते," म्हणून ती उठली. डोळे कोरडे होईस्तोवर टपरीमागंच उभी राह्यली.

परत आली तर तो तिच्या खुर्चीवरून उठत होता. पाचव्या पानावर भिंगाच्या वर एक ओळ टाकायची राह्यली म्हणे, आत्ताच टाक. अन बाहेर बाकावर जाऊन बसला.

तिनं ओळ टाकली. भिंग हललं नाही. प्रिंट काढली अन त्याच्या पुढ्यात धरली.

"घे. आज नाही पळालं."

तो पानाकडं पाहत राह्यला, मंग तिच्याकडं. "पाचवं पान नीट पाह्यलं तू?"

"पाह्यलं."

"मंग... काही म्हणायचं नाही तुले?"

म्हणायचं लय होतं. पण जाणाऱ्यानं आधी बोलावं, असं तिले वाटलं. "मले काय म्हणायचं? जा."

त्यानं कागदं पिशवीत घातली अन यवतमाळच्या जीपमधी बसला.

दीड वर्ष गेलं. मागच्या हप्त्यात त्याचे वडील पुंडलिकराव लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. तिनं तो टाइप केला. नवरदेवाचं नाव दोनदा तपासलं.

अन सोमवारी ट्युशनच्या नव्या मॅडम आल्या, ममता मॅडम. संघदीपच्याच नोट्समधलं पाचव्या पानावरचं भिंग बदलायचं म्हणाल्या. उर्वशीनं लॉक काढलं, जुनं चित्र पुसलं.

त्याच्यामागं मजकुराचा एक डब्बा होता, टेक्स्ट बॉक्स. त्यात लिवलं होतं —

'उर्वशी, वर ओळ टाकली की तुयं भिंग पळतेच, म्हणून त्याच्यामागं लिवून ठेवतो. तोंडानं सांगणं होत नाही. थांब म्हणशील तर पुण्याले जात नाही. मी बाहेर बाकावर बसतो.'

तिनं बाहेर पाह्यलं. बाकावर एक बाई पिशवी घेऊन जीपची वाट पाहत होती.

"काहून, अटकलं काय व?" मॅडमनं विचारलं.

"नाही मॅडम."

नवं भिंग तिनं आणून त्याच जागी ठेवलं. डब्ब्याचा एक कोपरा उघडा दिसत होता, म्हणून थोडं मोठं केलं... अन लॉक लावलं.

मॅडम म्हणाल्या, वर आणखी दोन ओळी टाक.

तिनं टाकल्या. चित्र हललं नाही.