ब्याण्णवपैकी ब्याण्णव

आमची पहिली भेट मटारांवर झाली. म्हणजे अक्षरशः. गोठवलेल्या मटारांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत माझा पहिला दिवस. फरशीवर सांडलेल्या दाण्यांवरून पाय सटकला आणि कुणीतरी कोपर धरून मला उभं ठेवलं. डोक्यावर जाळीची टोपी, पायांत ढगळ गमबूट... अशा अवतारात कोण कुणाच्या प्रेमात पडतं, सांगा. मी पडले. तेव्हा कबूल केलं नाही, एवढंच.

तो कूलिंगच्या यंत्रांवर मेकॅनिक. सगळे त्याला बर्फ्या म्हणत. त्या दिवसापासून तो उगाचच प्रयोगशाळेच्या दारात रेंगाळायचा, तापमानाचे आकडे विचारायचा — जे त्याच्याच यंत्रावर दिसत असायचे. मी त्याला तोंडावर आगाऊ म्हणायचे, आणि तो आला नाही की दिवसभर माझं कशात लक्ष लागायचं नाही.

त्या यंत्रांत अमोनिया असायचा. तो गळला तर जिवावर बेतणार, म्हणून महिन्यातून एकदा ड्रिल. भोंगा वाजला की असाल तसे निघून गेटजवळ जमायचं. हजेरीची यादी माझ्याकडे. आलेल्या माणसापुढे खूण करायची. ज्याच्यापुढे खूण नाही तो आत अडकलाय असं समजून बचावाची माणसं आत शिरणार. बर्फ्या व्हॉल्व्ह तपासत बसायचा आणि दर वेळी सगळ्यांच्या शेवटी यायचा. मग सुरक्षा अधिकारी सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने हजामत करायचे. मला ते बघवेना. म्हणून मी काय केलं... तो यायच्या आधीच त्याच्यापुढे खूण करून टाकायला लागले. तो आला की मी नुसती मान हलवायची, तो गालात हसायचा. ते हसू मला चार दिवस पुरायचं. केवढी मूर्ख होते मी.

एका दुपारी भोंगा वाजला तो खरा. डोळ्यांना झोंबणारा वास, पळापळ. घाईघाईने मी खुणा केल्या, सवयीने त्याचीही. ब्याण्णवपैकी ब्याण्णव. अधिकाऱ्यांनी बचावाच्या माणसांना सांगितलं, सगळे बाहेर आलेत, आत जायची गरज नाही. मी त्याचं हसू शोधायला मान वर केली... आणि तो कुठेच नव्हता.

"तो आत आहे," मी ओरडले. "यादी बघू नका, तो आत आहे."

माझ्या खुणेपायी माणसं उशिरा आत शिरली; त्याला उचलून आणलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. गळका व्हॉल्व्ह बंद करायला थांबला होता.

चौथ्या दिवशी दवाखान्यात भेटू दिलं. यादीत खूण होती, म्हणून साहेबांची समजूत झाली होती की हा बाहेर येऊन परत आत गेला. नियम मोडला म्हणून त्याच्यावरच कारवाई होणार होती. त्याच्या कानावर ते आलं होतं. "तसंच असू दे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी परत आत गेलो असंच सांगतो. तुम्ही गप्प राहा."

"मी कालच लिहून दिलंय. खोटी खूण माझी होती."

"नोकरी जाईल."

"गेली."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता हा मला चालती हो म्हणणार. म्हणाला असता तरी त्याचं काही चुकलं नसतं.

"का केलीत खूण?"

"तुम्हाला कुणी बोललेलं मला सहन होत नाही... म्हणून." माझी मान वर होईना. "तुम्ही मला आवडता."

"मग ऐक." त्याला धाप लागत होती. "मला पाठीशी घालणारं माणूस नकोय. मी दिसलो नाही तर गावभर बोंब मारणारं हवंय... त्या दिवशी मारलीस ना, तशी. येशील आमच्या घरी?"

शेजारी त्याची आई संत्रं सोलत बसली होती. तिच्यादेखत मी हो म्हटलं आणि ढसाढसा रडले. तिने दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

याला आता बावीस वर्षं झाली. त्याचा आवाज तेव्हा बसला तो बसलाच. नव्या माणसाला वाटतं, सर्दी झालीय. मला माहीत आहे, तो आवाज माझ्यामुळे गेलाय... आणि दिवसातून दहा वेळा तो त्याच आवाजात मलाच हाक मारतो.